शांत घंटेचे तीन अर्थ

हातातले घड्याळ बंद पडले तर ते त्याच दिवशी कळते. दिवा गेला की खोलीत अंधार होतो, पंखा बिघडला की घाम येतो. रोज वापरात असलेली वस्तू आपला बिघाड स्वतःच सांगते. काही उपकरणे मात्र अशी असतात, की त्यांनी वर्षानुवर्षे काहीही न करता भिंतीवर लटकून राहावे आणि एखाद्याच रात्री, काही मिनिटांपुरते, आपले काम चोख बजावावे, अशी आपली अपेक्षा असते. अशा उपकरणात बिघाड झाला तर तो कळणार कसा? आणि कळेपर्यंत उशीर झालेला असला तर?

घरातील कार्बन मोनॉक्साइडची सूचना देणारा अलार्म हे या प्रकारच्या उपकरणाचे उत्तम उदाहरण आहे. गेली सव्वाशे वर्षे माणूस हा वायू ओळखण्याची साधने बनवीत आला आहे. त्या साधनांचा इतिहास आपण या लेखात पाहणार आहोत. परंतु आमचा खरा प्रश्न साधनाचा नसून त्याच्या भरवशाचा आहे. अलार्म शांत आहे, यावरून आपण नेमके काय समजावे?

न दिसणारा शत्रू

कोणतेही कार्बनयुक्त इंधन भरपूर हवेत जळाले, तर कार्बन डायऑक्साइड तयार होतो. हवा अपुरी पडली तर ज्वलन अर्धवट राहते आणि कार्बन मोनॉक्साइड निर्माण होतो. त्याला रंग नाही, वास नाही, चव नाही. तो कार्बन व ऑक्सिजन यांचे संयुग आहे हे इंग्लंडमधील विल्यम क्रुकशँक यांनी १८०० साली दाखवून दिले. तो माणसाला मारतो कसा, याचा उलगडा व्हायला आणखी अर्धशतक जावे लागले. १८५७ साली फ्रान्सचे शरीरक्रियाशास्त्रज्ञ क्लोद बर्नार यांनी दाखविले, की हा वायू रक्तातील तांबड्या पेशींना चिकटतो आणि ऑक्सिजनची जागा अडवून बसतो. हिमोग्लोबिनला ऑक्सिजनपेक्षा त्याची ओढ दोनशे ते अडीचशे पट अधिक असते. म्हणूनच हवेत त्याचे प्रमाण अगदी थोडे असले, तरी काही तासांत रक्ताचा मोठा भाग निकामी होतो.

नांदेड-लातूर भागातील वाचकांना हा विषय परदेशी थंडीचा आणि बंद घरांचा वाटण्याचा संभव आहे. तसे ते नाही. आपल्याकडे पऱ्हाट्या, तुराट्या आणि गोवऱ्या यांवर पेटणारी चूल अजून अनेक घरांतून गेलेली नाही. बाळंतिणीच्या खोलीत निखाऱ्यांची शेगडी ठेवून, दारे-खिडक्या लावून शेक देण्याची रीत घरोघर माहीत आहे. शहरात छोट्या न्हाणीघरात गॅस गीझर बसविला जातो आणि थंडीत वारा येऊ नये म्हणून झडप घट्ट लावली जाते. या तिन्ही ठिकाणी अर्धवट ज्वलनाला लागणारी सामग्री तयार असते.

यातील शेगडीचे उदाहरण विशेष लक्षात ठेवण्याजोगे आहे. लाल निखाऱ्यांतून धूर निघत नाही, म्हणून ती निर्धोक असे आपण समजतो. प्रत्यक्षात धूर म्हणजे न जळलेले सूक्ष्म कण व वाफा. त्या नसल्या तरी कार्बन मोनॉक्साइड असू शकतो. उलट डोळ्यांना झोंबणारा धूर नसल्यामुळे माणसे खोलीबाहेर पडत नाहीत आणि धोका वाढतो. गॅसच्या टाकीबद्दलही असाच एक गैरसमज आहे. टाकीतील गॅस गळला तर त्यात मुद्दाम मिसळलेल्या मर्कॅप्टनच्या उग्र वासाने तो कळतो. मात्र तो गॅस जळताना निर्माण झालेल्या कार्बन मोनॉक्साइडला हा वास नसतो. गळती सांगणारे उपकरण वेगळे आणि कार्बन मोनॉक्साइड सांगणारे वेगळे, हेही येथेच सांगून ठेवलेले बरे.

पिंजऱ्यातला पहिला अलार्म

हा वायू ओळखण्याची गरज सर्वांत आधी भासली ती कोळशाच्या खाणींत. जॉन स्कॉट हॉल्डेन हे ब्रिटिश शरीरक्रियाशास्त्रज्ञ या संशोधनाचे जनक. पुढे भारतात स्थायिक झालेले आणि १९६४ साली भुवनेश्वरला निधन पावलेले जीवशास्त्रज्ञ जे. बी. एस. हॉल्डेन हे त्यांचे चिरंजीव. थोरल्या हॉल्डेननी १८९५ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत स्वतःच कार्बन मोनॉक्साइड मिसळलेली हवा श्वासातून घेतली आणि आपल्या रक्तात काय बदल होतो याची नोंद ठेवली. जानेवारी १८९६ मध्ये वेल्समधील टायलर्सटाउनच्या खाणीत स्फोट होऊन ५७ माणसे दगावली. हॉल्डेननी मृतदेहांची तपासणी केली तेव्हा रक्ताच्या चेरीसारख्या लाल रंगावरून असे दिसून आले, की बहुसंख्य कामगार स्फोटाच्या तडाख्याने मेलेले नव्हते. स्फोटानंतर उरलेल्या कार्बन मोनॉक्साइडने त्यांचा बळी घेतला होता.

यावर हॉल्डेननी सुचविलेला उपाय अगदी साधा होता. उंदीर किंवा लहान पक्षी बरोबर न्यावा. लहान प्राण्याचा चयापचय वेगवान असतो, वजनाच्या मानाने तो माणसाच्या कितीतरी पट हवा घेतो, म्हणून विषाचा परिणाम त्याच्यावर लवकर दिसतो. पक्षी दांडीवरून खाली पडला की माणसांना माघारी फिरायला थोडा अवधी मिळतो. पुढे उंदरापेक्षा कॅनरी हा पक्षी अधिक सोयीचा ठरला, कारण त्याची अस्वस्थता चटकन ओळखू येते. ब्रिटनच्या खाणींत १९११ पासून तो रीतसर ठेवला जाऊ लागला आणि १९८६ साली इलेक्ट्रॉनिक उपकरणे आणण्याचा निर्णय जाहीर होईपर्यंत तो तेथे होता.

आपल्या प्रश्नाच्या दृष्टीने यातील एक प्रकरण फार महत्त्वाचे आहे. तोच पक्षी पुन्हा पुन्हा खाणीत नेला, तर त्याला वायूची सवय होऊन तो बधिर तर होणार नाही ना? ही शंका कुणाला तरी आली आणि अमेरिकेच्या खाण विभागात जॉर्ज बरेल व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९१२ ते १९१४ च्या सुमारास त्यावर प्रयोग केले. वारंवार वायू देऊनही पक्ष्याची संवेदनशीलता कमी होत नाही, असा निष्कर्ष निघाला. कार्बन मोनॉक्साइडच्या अलार्मचा दीर्घकालीन भरवसा तपासण्याचा हा आरंभीचा शास्त्रीय प्रयत्न मानायला हरकत नाही. त्यामागची विचारपद्धती आजही तीच आहे. साधन आज चालते का, एवढे विचारून भागत नाही. वापरून झाल्यावर, वेळ गेल्यावर ते तसेच चालते का, हे विचारावे लागते.

पक्ष्यात दोषही होता. वायूचे प्रमाण कमी असले तर तो बराच काळ काहीच दाखवीत नसे. माणसाच्या रक्तात मात्र विष साठत राही. पण त्याच्याजवळ एक गुण असा होता, की तो पुढच्या कोणत्याही यंत्रात सहज आला नाही. पिंजऱ्यातला पक्षी टुणटुण उड्या मारतो, चिवचिवतो, दाणे टिपतो. म्हणजे आपण शाबूत आहोत हे तो क्षणोक्षणी सांगत असतो. मेलेला पक्षी दांडीवर बसून सारे आलबेल असल्याचे सोंग करू शकत नाही.

पक्षी गेला, पेटी आली

पहिल्या महायुद्धाच्या काळात रसायनशास्त्र या कामी पुढे आले. मँगॅनीज डायऑक्साइड व कॉपर ऑक्साइड यांचे 'हॉपकलाइट' नावाचे मिश्रण नेहमीच्या तापमानालाच कार्बन मोनॉक्साइडचे कार्बन डायऑक्साइड करते, हे आढळले. या क्रियेत निघणारी उष्णता मोजून वायूचे प्रमाण काढता येते. पॅलॅडियमच्या क्षारांवर हा वायू गेला की काळा डाग पडतो. त्याचा उपयोग करून रंग बदलणाऱ्या नळ्या व पट्ट्या निघाल्या. पण पट्टी स्वस्त असली तरी ती ओरडत नाही. झोपलेल्या माणसाला तिचा उपयोग शून्य.

घरगुती अलार्मचा मार्ग मोकळा झाला तो जपानमध्ये. नाओयोशी तागुची यांनी १९६२ साली कथिलाच्या ऑक्साइडचा संवेदक शोधला. हा पदार्थ तापवून ठेवला, की त्याच्या कणांवर हवेतील ऑक्सिजन बसतो आणि विद्युतरोध वाढतो. ज्वलनशील वायू आला की तो ऑक्सिजन खर्ची पडतो, रोध उतरतो आणि घंटा वाजते. १९६८ पासून असे संवेदक मोठ्या प्रमाणावर बनू लागले. त्यांचे आयुष्य चांगले असते. पण हवेतील दमटपणा, मद्यार्काच्या वाफा, स्वयंपाकाचे वायू अशा अनेक गोष्टींनी त्यांचे वाचन हलते. शिवाय तापविण्यासाठी वीज सतत लागते.

दुसरा मार्ग विद्युत्-रासायनिक घटाचा. १८३९ साली विल्यम ग्रोव्ह यांनी इंधन-घटाची कल्पना प्रत्यक्षात आणली होती. तीच येथे लहान रूपात वापरतात. एका विद्युतअग्रावर प्लॅटिनमसारखा उत्प्रेरक असतो. त्यावर कार्बन मोनॉक्साइडचा पाण्याशी संयोग होऊन कार्बन डायऑक्साइड बनतो आणि इलेक्ट्रॉन मोकळे होतात. दुसऱ्या अग्रावर ऑक्सिजन त्या इलेक्ट्रॉनांचा स्वीकार करतो. दोहोंमध्ये बहुधा गंधकाम्लाचा द्राव असतो. वायू जितका अधिक, तितका विद्युतप्रवाह अधिक. या घटाला जवळजवळ वीज लागत नाही, त्यामुळे लहानशा बॅटरीवर तो वर्षानुवर्षे चालतो. आज घरगुती अलार्ममध्ये हाच प्रकार सर्वाधिक आढळतो.

आता या घटाचे एक लक्षण वाचकांनी नीट पाहावे. स्वच्छ हवेत त्यातून वाहणारा प्रवाह शून्याच्या जवळ असतो. घट निकामी झाला, आतला द्राव सुकला किंवा उत्प्रेरक बाद झाला, तरीही प्रवाह शून्यच असतो. या दोन शून्यांत बाहेरून फरक दिसत नाही. उड्या मारणाऱ्या पक्ष्याच्या जागी आपण गप्प पेटी आणली, तेव्हा सोय वाढली. पण मौनाचा अर्थ लावण्याचे काम आपल्यावर येऊन पडले.

अतिवाजण्याचा आणि न वाजण्याचा धडा

अमेरिकेत घरगुती अलार्मसाठी 'यूएल २०३४' हे मानक १९९२ साली आले. शिकागो शहराने ऑक्टोबर १९९४ पासून घरांत असे अलार्म सक्तीचे केले. त्याच वर्षी डिसेंबरात मोठा गोंधळ उडाला. जमिनीलगत थंड हवा आणि तिच्यावर उबदार हवेचे झाकण, अशी स्थिती शहरावर निर्माण झाली. आपल्याकडे हिवाळ्यात सकाळी गावावर चुलींच्या धुराचा आडवा पट्टा तरंगताना दिसतो, तोच हा प्रकार. वाहनांचा धूर खालीच कोंडला आणि घराघरांतले अलार्म वाजू लागले. एका दिवसात अग्निशमन दलाकडे हजारांहून अधिक बोलावणी गेली. बहुतेक ठिकाणी घरात तातडीचा धोका नव्हता.

'लांडगा आला रे आला' ही गोष्ट आपण मुलांना खोटे बोलू नये म्हणून सांगतो. उपकरणे बनविणाऱ्यांनी तिचा दुसरा अर्थ ध्यानात घ्यावा लागतो. फार वेळा उगाच वाजणारा अलार्म माणसे काढून टाकतात. म्हणून १९९५ व १९९८ च्या सुधारणांत नियम असे झाले, की दशलक्षात ३० भाग एवढा वायू ३० दिवस राहिला तरी अलार्म वाजता कामा नये. ७० भाग असल्यास एक ते चार तासांत, १५० भाग असल्यास १० ते ५० मिनिटांत आणि ४०० भाग असल्यास ४ ते १५ मिनिटांत तो वाजलाच पाहिजे. रक्तातील सुमारे दहा टक्के हिमोग्लोबिन अडकण्यापूर्वी निरोगी माणसाला जाग यावी, असा यामागे हिशेब आहे.

येथे आपल्याला शांत घंटेचे तीन अर्थ मिळतात. पहिला अर्थ, वायू नाही. दुसरा अर्थ, वायू आहे, पण ठरविलेल्या मर्यादेच्या खाली आहे किंवा पुरेसा वेळ झालेला नाही. तिसरा अर्थ, संवेदक मेलेला आहे. दुसरा अर्थ क्षुल्लक समजू नये. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ साली सुचविलेली चोवीस तासांची मर्यादा दर घनमीटरला ४ मिलिग्रॅम, म्हणजे दशलक्षात साडेतीन भागांच्या आसपास आहे. अलार्मची मर्यादा याच्या कितीतरी वर आहे. गरोदर स्त्री, पोटातले मूल किंवा हृदयविकाराचा रुग्ण यांना कमी प्रमाणही बाधते. अलार्म हा प्राण वाचविण्यासाठी आहे; हवा शुद्ध असल्याचा तो दाखला नव्हे.

तिसरा अर्थ अधिक फसवा आहे. अलार्मवर चाचणीचे एक बटण असते. ते दाबले की घंटा वाजते आणि आपण निर्धास्त होतो. परंतु बहुतेक उपकरणांत या बटणाने बॅटरी, मंडल आणि भोंगा एवढेच तपासले जाते. वायू संवेदकापर्यंत जातच नाही. बटण घशाची परीक्षा घेते, नाकाची नाही.

दहा वर्षांची परीक्षा आज कशी घ्यायची?

उत्पादक म्हणतो, उपकरण सात किंवा दहा वर्षे टिकेल. ते खरे आहे का हे पाहायला दहा वर्षे थांबलो, तर तोपर्यंत ते उपकरण बाजारातून जाऊन दुसरे आलेले असेल. मापनाच्या क्षेत्रात काम करणाऱ्या आम्हा मंडळींपुढे ही अडचण नेहमीच असते. तिच्यावर दोन उपाय आहेत आणि दोन्ही अपुरे आहेत.

पहिला उपाय काळ घाईने पुढे ढकलण्याचा. तापमान दहा अंशांनी वाढविले की रासायनिक क्रियांचा वेग साधारण दुप्पट होतो, असा एक ढोबळ नियम शिक्षकांच्या परिचयाचा असेल. २५ अंशांऐवजी ४५ अंशांवर उपकरण ठेवले, तर वेग सुमारे चौपट होईल आणि दहा वर्षांचे म्हातारपण अडीच वर्षांत येईल, असा हिशेब मांडता येतो. पण अढीत पिकलेला आंबा आणि कार्बाइड लावून पिकवलेला आंबा यांत जो फरक, तोच येथे पडतो. वरून रंग सारखाच दिसला तरी आत वेगळेच काही घडलेले असते. अधिक तापमानाला घटातला द्राव ज्या रीतीने सुकतो, त्या रीतीने तो घरात सुकेलच असे नाही. उलट घरात होणारे काही बिघाड भट्टीत होतच नाहीत.

मराठवाड्याच्या हवेकडे या दृष्टीने पाहा. मे महिन्यात नांदेडला पारा चाळिशीच्या पुष्कळ वर जातो आणि हवा कोरडी ठणठणीत असते. त्या काळात गंधकाम्लाचा द्राव पाणी गमावतो. जून-जुलैत हवा दमट झाली की तेच आम्ल पाणी ओढून घेते व द्राव फुगतो. फार फुगला तर पाझरतोही. असे आकुंचन-प्रसरण दर वर्षी एकदा. शिवाय फोडणीच्या वाफा, उदबत्ती, डास पळविणाऱ्या अगरबत्त्या, रंग-रोगण, भिंतीवरची धूळ. संवेदकापुढच्या गाळणीला हे सारे सोसावे लागते. थंड देशातील बंदिस्त घरासाठी सांगितलेले आयुष्य या हवेत तसेच्या तसे लागू पडेल, असे गृहीत धरता येत नाही. ते येथेच तपासावे लागेल.

दुसरा उपाय, अनेक नग एकदम तपासण्याचा. येथे वरच्या वर्गातील विद्यार्थ्यांना एक चांगले गणित करता येईल. समजा, शंभरात एक उपकरण नादुरुस्त असते. तर एक उपकरण चांगले निघण्याची शक्यता ०.९९. तीनशे उपकरणे तपासली आणि सगळीच चांगली निघाली, याची शक्यता ०.९९ चा तीनशेवा घात, म्हणजे सुमारे ०.०५. याचा अर्थ, तीनशे नग तपासून एकही दोषी सापडला नाही, तर 'दोषाचे प्रमाण एक टक्क्याहून कमी आहे' असे आपण ९५ टक्के विश्वासाने म्हणू शकतो. त्याहून अधिक काही म्हणता येत नाही. दहाच नग तपासून सगळे चांगले निघाले, तर दर चार उपकरणांमागे एक नादुरुस्त असण्याची शक्यताही पुरती नाकारता येत नाही. 'आम्ही तपासले, चांगले आहे' या वाक्यात किती नग, किती जुने आणि कोणत्या वायूने, हे विचारल्याशिवाय अर्थ भरत नाही.

उरतो तिसरा मार्ग. लोकांच्या घरांत राहून जुनी झालेली उपकरणे गोळा करायची आणि त्यांना मोजून-मापून खरा वायू द्यायचा. ब्रिटनच्या आरोग्य व सुरक्षा प्रयोगशाळेने घरगुती अलार्मच्या दीर्घकालीन भरवशावर २०११ साली एक पाहणी-अहवाल काढला. त्याच वर्षी अमेरिकेत रायन व अर्नोल्ड यांनी ३० अलार्मच्या चाचणीचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. निम्म्याहून अधिक अलार्म नीट चालले नाहीत. काही फार लवकर वाजले, काही फार उशिरा. ४० टक्के अलार्म धोकादायक प्रमाण असूनही वाजलेच नाहीत, आणि बाहेरून पाहता ते सुरळीत चालू असल्याच्या सर्व खुणा दिसत होत्या. नमुना लहान आहे हे खरे. तीसपैकी ४० टक्के म्हणजे खरे प्रमाण ढोबळमानाने २२ ते ५८ टक्क्यांच्या दरम्यान कोठेही असू शकते. पण त्यातला कमीत कमी आकडा घेतला, तरी पाचांत एकाहून अधिक घंटा मुकी ठरते.

अशा अनुभवांतून उपकरणांत सुधारणा झाल्या. काही अलार्म घटातून अधूनमधून बारीक विद्युतस्पंद पाठवून तो सुकला वा तुटला नाही ना, हे पाहतात. आयुष्य संपले की ठराविक आवाज करून 'मला बदला' असे सांगण्याची सोय पुढच्या मानकांनी घातली. पक्ष्याची चिवचिव पेटीत परत आणण्याचाच हा प्रयत्न म्हणायचा.

आपल्या चुलीने शिकवलेले

पहिल्या दिवशीची परीक्षा आणि चौथ्या वर्षीची परीक्षा यांतला फरक भारताने दुसऱ्या एका वस्तूच्या बाबतीत फार मोठ्या प्रमाणावर अनुभवला आहे. ती वस्तू म्हणजे सुधारित चूल. केंद्र सरकारचा सुधारित चुलींचा राष्ट्रीय कार्यक्रम १९८३ च्या सुमारास सुरू झाला आणि २००२ साली बंद झाला. या काळात देशभर तीन कोटींहून अधिक चुली बसविल्या गेल्या. महाराष्ट्रात पुण्याच्या 'आरती' या संस्थेने तयार केलेली 'लक्ष्मी' चूल अनेक वाचकांनी पाहिली असेल. चुलीसाठी भारतीय मानकही १९९१ साली आले. त्यात धुरातील कार्बन मोनॉक्साइड आणि कार्बन डायऑक्साइड यांचे गुणोत्तर ०.०४ पेक्षा अधिक असू नये, अशी अट होती. नवी चूल प्रयोगशाळेत ही अट पुरी करू शकत होती. पण प्रयोगशाळेत धुराडे साफ असते, लाकूड कोरडे आणि मापात तोडलेले असते, आणि जाळ घालणाऱ्या माणसाला दुसरे काम नसते.

रेमा हॅना, एस्थर डुफ्लो आणि मायकेल ग्रीनस्टोन यांनी ओडिशातील खेड्यांत सुधारित चुलींचा चार वर्षे पाठपुरावा केला. त्यांचा अभ्यास २०१६ साली प्रसिद्ध झाला. चुलीचा परिणाम मोजण्यासाठी त्यांनी वापरलेले एक माप म्हणजे माणसाच्या उच्छ्वासातील कार्बन मोनॉक्साइड. पहिल्या वर्षी धुराचे सेवन कमी झालेले दिसले. पुढच्या वर्षांत तो फायदा दिसेनासा झाला. चुली तडकल्या, धुराडी साफ झाली नाहीत, दुरुस्ती राहून गेली, हळूहळू वापरही घटला. एकाच वर्षाने अभ्यास थांबविला असता तर निष्कर्ष उलटा निघाला असता.

चूल बिघडली की निदान डोळे झोंबतात. अलार्म बिघडला की काहीच होत नाही. म्हणून ज्या वस्तूचा बिघाड दिसत नाही, तिची तपासणी आपल्या लक्षात येण्यावर सोपवून चालत नाही. ती तारखेवर बांधावी लागते.

शाळेत आणि घरात

ही तारखेची पद्धत आपल्याला अगदीच अनोळखी नाही. स्वयंपाकाच्या गॅसच्या टाकीवर, वरच्या कड्याच्या पट्टीवर आतून, ए, बी, सी किंवा डी हे इंग्रजी अक्षर आणि त्यापुढे वर्षाचा आकडा रंगविलेला असतो. ए म्हणजे जानेवारी ते मार्च, बी म्हणजे एप्रिल ते जून, सी म्हणजे जुलै ते सप्टेंबर, डी म्हणजे ऑक्टोबर ते डिसेंबर. त्या तिमाहीत टाकीची पुन्हा चाचणी व्हायची असते. टाकी चांगली दिसते की वाईट, याला तेथे महत्त्व नाही.

शिक्षकांनी विद्यार्थ्यांना आपापल्या घरच्या टाकीवरचे अक्षर लिहून आणायला सांगावे. गॅसच्या नळीवरची मुदत आणि शाळेतील अग्निशामकाच्या चिठ्ठीवरची तारीखही पाहायला लावावी. प्रत्येक वस्तूपुढे दोन रकाने करावेत. बिघडली तर आपोआप कळेल का, आणि कळणार नसेल तर तिची तपासणी कोण व केव्हा करते? दुसरा रकाना किती घरांत रिकामा राहतो ते फळ्यावर मांडावे. कार्बन मोनॉक्साइड तयार करून दाखविण्याचा प्रयोग मात्र वर्गात कोणीही करू नये.

घरी सांगायच्या गोष्टी थोड्या आहेत. गीझर न्हाणीघराच्या बाहेर, मोकळ्या हवेत असावा. निखाऱ्यांची शेगडी असलेल्या खोलीत दार किंवा खिडकी उघडी राहावी आणि शेगडी आत ठेवून कोणीही झोपू नये. बाळ-बाळंतिणीला ऊब हवी असेल तर ती पांघरुणाने आणि गरम पाण्याच्या पिशवीने द्यावी. एकाच खोलीतल्या अनेकांना एकदम डोकेदुखी, मळमळ, गुंगी असे होऊ लागले, तर सर्वांना प्रथम बाहेरच्या हवेत आणावे आणि मग दवाखाना गाठावा. मोकळ्या हवेत रक्तातील हा वायू निम्म्यावर यायला चार-पाच तास लागतात, शुद्ध ऑक्सिजन दिला तर साधारण दीड तास. म्हणून बरे वाटू लागले तरी दवाखाना टाळू नये.

आणि कोणी अलार्म घेतलाच, तर खोक्यावरची तारीख पाहून तो बसवावा, मुदत संपली की बटण दाबून वाजत असला तरीही बदलावा. बदलण्याचे वर्ष पेटीवर ठळक शाईने लिहून ठेवावे. तो भिंतीवर आहे म्हणून खिडकी लावून घेऊ नये.